हे कोणाचे पाप? गरोदरपणातील त्वचारोग आणि कर्मविचार

गरोदर स्त्रीच्या अंगावर फोड उठले, सर्वांगाला खाज सुटली किंवा चट्टे दिसू लागले की घरात दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. हे काय झाले, हा पहिला. हे कशाने ओढवले, कोणाच्या पापाने, कोणाच्या कोपाने, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर तपासणीतून मिळते आणि त्याला थोडा वेळ लागतो. दुसऱ्याचे उत्तर अनेक घरांत आधीच तयार असते: मागच्या जन्मीचे भोग, देवीचा राहिलेला नवस, ग्रहणात चिरलेली भाजी, ओढ्यावरच्या साती आसरांची बाधा. हे तयार उत्तर पहिल्या प्रश्नाच्या आड आले की दोन जिवांना धोका होतो. त्यामुळे गरोदरपणातील गंभीर त्वचारोगाचे निदान हा एकट्या वैद्यकाचा विषय राहत नाही. दुःखाचा अर्थ कोणी लावायचा आणि कधी लावायचा, हा धर्मविचारातला जुना प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात हा प्रश्न जवळून पाहता येतो. याच तालुक्यात हिंजवडीचे आयटी पार्क आहे, पिरंगुटचे कारखाने आहेत आणि टाटांच्या धरणाच्या पाण्याभोवती, ताम्हिणीच्या बाजूला विखुरलेली गावठाणे, धनगरवाडे आणि कातकरी वस्त्याही आहेत. पौडला ग्रामीण रुग्णालय आहे, लवळ्याला सिम्बायोसिसचे रुग्णालय आहे आणि पुढे पुण्यात ससून. मात्र धरणापलीकडच्या वाडीतून आषाढात पौड गाठणे सोपे नसते. पावसाचा जोर असतो, घाटात दरडी येतात, घरोघरी भातलावणीची घाई चाललेली असते. हाकेच्या अंतरावर असते ती आशाताई, आणि फार लांब नसलेला एखादा देवऋषी. बाई आधी कोणाकडे जाते हे श्रद्धेवर जितके ठरते तितकेच रस्त्यावर ठरते. अंधश्रद्धेला दोष देऊन मोकळे होणाऱ्यांनी हे विसरू नये.

पापाचा प्रश्न सगळ्या रोगांना सारखा चिकटत नाही. गरोदरपणात रक्तदाब वाढला किंवा साखर वाढली तर बाईला तिचे पूर्वकर्म कोणी विचारत नाही. त्वचेचा रोग मात्र चारचौघांत दिसतो. जे दिसते त्याचा अर्थ लावण्याचा हक्क प्रत्येकाला आहे असे शेजारीपाजारी धरून चालतात, आणि जी पोटुशी आहे तिच्या बाबतीत हा अर्थ पोटातल्या बाळापर्यंत नेऊन भिडवला जातो. त्याला मोठा इतिहासही आहे. अंगावर पुवाळलेले फोड उठणे म्हणजे देवी येणे, ही समजूत महाराष्ट्राने पिढ्यानपिढ्या बाळगली. भारतातला देवीचा रोग १९७५ साली संपला, पण पुरळ म्हणजे देवीचे आगमन, तिला औषधाने दुखवायचे नाही, कडुलिंबाचा पाला घालून ती आपणहून जाईपर्यंत थांबायचे, ही रीत कांजिण्यांच्या बाबतीत अजून टिकून आहे. गरोदर स्त्रीला ती महाग पडू शकते. या अवस्थेत कांजिण्यांतून फुप्फुसदाह होण्याचा धोका असतो, आणि असायक्लोविर हे औषध पुरळ दिसल्यापासून चोवीस तासांत सुरू झाले तर त्याचा खरा उपयोग होतो. प्रसूतीच्या आधी पाच दिवस ते नंतर दोन दिवस या काळात आईला कांजिण्या आल्या तर नवजात बाळाचा आजार जीवघेणा होऊ शकतो. इथे थांबणे हाच अपाय असतो.

पाप आणि त्वचारोग यांची सांगड ग्रंथांतही आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. धर्मशास्त्रात कर्मविपाक नावाचे प्रकरण आहे आणि कोणत्या पापाचे फळ म्हणून कोणता जन्म किंवा कोणता रोग येतो याच्या याद्या त्यात आढळतात. महाराष्ट्रात घरोघरी पारायण होणाऱ्या गुरुचरित्राच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात असा कर्मविपाक सांगितला आहे. चरकसंहितेने कुष्ठाची कारणे सांगताना विरुद्ध आहाराच्या जोडीला पापकर्मही ठेवले आहे. चरकाचे कुष्ठ अठरा प्रकारचे आहे आणि आज इसब म्हणून ओळखले जाणारे विकारही त्यात येतात, म्हणजे जवळजवळ सगळे हट्टी त्वचारोग या एका शब्दाखाली पापाच्या सावलीत गेले.

पण त्याच ग्रंथांत याची दुसरी बाजू आहे आणि ती फार कमी वेळा सांगितली जाते. गुरुचरित्राच्या चाळिसाव्या अध्यायात नरहरी नावाचा कुष्ठरोगी श्रीगुरूंकडे येतो. गुरू त्याला हाकलून देत नाहीत, तुझे भोग तू भोग असेही म्हणत नाहीत. वाळलेले औदुंबराचे लाकूड संगमावर रोवून त्याला रोज पाणी घाल, असे सांगतात. लोक त्याची समजूत घालतात की वाळक्या लाकडाला कधी पालवी फुटते काय. तो ऐकत नाही, लाकडाला पालवी फुटते आणि त्याची काया शुद्ध होते. कथा चमत्काराची आहे आणि वैद्यकाने ती पुरावा म्हणून घेऊ नये. पण तिच्यातला धर्म स्पष्ट आहे. पूर्वकर्म मान्य केल्यावरही गुरूच्या तोंडी येते ती काहीतरी करण्याची आज्ञा. या अध्यायाचे पारायण करणाऱ्या घराने सुनेच्या अंगावरचे फोड पाहून गप्प बसणे त्या अध्यायाला धरून होत नाही.

कर्मसिद्धान्ताची तात्त्विक बाजू पाहिली तर हे आणखी पक्के होते. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. ज्या कर्माचे फळ भोगायला सुरुवात झाली ते आरब्ध, म्हणजेच प्रारब्ध, आणि ज्याचे झाली नाही ते अनारब्ध, ही वेदान्तातली विभागणी त्यांनी तिथे उलगडली आहे. आता या विभागणीने बाळंतपणाच्या खोलीत काय ठरते ते पाहावे. एखाद्या स्त्रीच्या प्रारब्धात फोड येणे होते असे क्षणभर मानले, तरी त्या फोडांनी बाळ दगावणे प्रारब्धात आहे की वेळेवर ससूनला पोहोचून बरे होणे प्रारब्धात आहे, हे सगळे घडून गेल्याशिवाय कोणालाच कळत नाही. प्रारब्ध ही मागे वळून पाहताना वापरायची संज्ञा आहे. तिच्या आधारे पुढचा उपचार थांबवणारा माणूस जे कळू शकत नाही ते आपल्याला कळते असा दावा करत असतो, आणि तो दावा कर्मसिद्धान्तातून निघत नाही.

चरकसंहितेने हीच गोष्ट वैद्याच्या बाजूने मांडली आहे. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात शिष्य अग्निवेश विचारतो की माणसाचे आयुष्य ठरलेले असते काय. गुरू आत्रेय उत्तर देतात की पूर्वदेहात केलेले ते दैव आणि या देहात केलेले ते पुरुषकार. दोहोंत जे बलवान ते दुसऱ्यावर मात करते. आयुष्य जर ठरलेलेच असते तर औषधे, मंत्र, पथ्य, सापापासून दूर पळणे हे सगळे व्यर्थ ठरले असते, असेही ते बजावतात. बौद्ध परंपरेत संयुत्तनिकायातील सीवकसुत्त आणखी पुढे जाते. माणूस जे जे सुखदुःख भोगतो ते सगळे पूर्वकर्मामुळेच, असे म्हणणाऱ्यांविषयी विचारले असता बुद्ध आठ कारणे मोजतात. पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतुबदल, विषम वागणूक, बाहेरचा आघात, आणि शेवटी कर्मविपाक. सगळे दुःख आठव्या खात्यात टाकणारे लोक डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीच्या पलीकडे जात आहेत, असा त्यांचा आक्षेप आहे. ख्रिस्ती परंपरेत योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की आईबापांचे. येशू दोन्ही नाकारतो. प्रश्न कसा विचारला जातो हे इथे पाहण्याजोगे आहे. व्यंग दिसले की संशय थेट आईबापांवरही जातो, आणि हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही.

गरोदरपणातल्या त्वचेविषयी चरकसंहितेत एक उतारा आहे आणि या साऱ्या चर्चेत त्याचे मोल सर्वात जास्त मानावे लागेल. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात सातव्या महिन्याचे वर्णन करताना आत्रेय आधी स्त्रियांचे म्हणणे नोंदवतात. गर्भाला केस येऊ लागले की आईच्या अंगाची आग होते, असे स्त्रिया म्हणत. आत्रेय हे कारण मान्य करत नाहीत. गर्भाच्या दाबाने दोष वर सरकतात आणि छातीशी येऊन दाह करतात, त्यातून खाज सुटते आणि खाजेतून किक्किस, म्हणजे पोटावरच्या रेषा उमटतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मग लगेच उपचार येतो. बोरांच्या काढ्याबरोबर मधुर औषधींनी सिद्ध केलेले लोणी, चंदन आणि मृणालाचा लेप, आणि खाजवू नये ही सूचना, कारण त्वचा फाटते आणि विद्रूप होते. आत्रेयांची दोषांची उपपत्ती आजच्या विज्ञानात टिकत नाही. पण त्यांनी ज्या क्रमाने विचार केला तो क्रम टिकतो. बाईची तक्रार जशीच्या तशी ऐकली, तिने जोडलेले कारण तपासून नाकारले, तक्रार मात्र नाकारली नाही, आणि पापपुण्याचा शब्दही न काढता आराम कसा पडेल ते सांगितले. आज अनेक ठिकाणी नेमके उलटे घडते. गरोदरपणात खाज सुटायचीच म्हणून तक्रार उडवून लावली जाते आणि कारणाबद्दलची समजूत तेवढी जपली जाते.

आजचे निदानही खाजेपासूनच सुरू होते, आणि पहिला प्रश्न असतो की खाजेबरोबर पुरळ आहे की नाही. पुरळ नसेल, अंगावर फक्त नखांचे ओरखडे असतील, खाज तळहात-तळपायांना जास्त असेल आणि रात्री वाढत असेल, तर यकृताकडे पाहावे लागते. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत काहीजणींच्या यकृतातून पित्ताचा प्रवाह मंदावतो आणि पित्ताम्ले रक्तात साठतात. हा आजार आईला छळतो, पण धोका बाळाला असतो. २०१९ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या मोठ्या एकत्रित अभ्यासात रक्तातील पित्ताम्ले लिटरला ४० मायक्रोमोलच्या खाली असताना मृतजन्माचे प्रमाण ०.१३ टक्के आढळले. १०० किंवा त्याहून जास्त असताना ते ३.४४ टक्क्यांवर गेले. मुळशीत ही खाज निसटून जायला एक साधे कारण पुरते. लावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात उभ्या राहणाऱ्या बाईच्या पायांना खाज येणारच, तिला चिखल्या झाल्या असतील, असे तिलाही वाटते आणि घरच्यांनाही. चिखल्या बोटांच्या बेचक्यांत होतात, तिथली कातडी पांढरी पडते, सोलते, वास येतो. पित्ताच्या खाजेत बेचके कोरडे असते, तळवा साफ असतो आणि हातही तितकेच खाजतात. दिव्याच्या उजेडात पायाची बोटे फाकवून पाहणे एवढी ही तपासणी आहे. शंका आली की रक्त तपासणीला पाठवावे लागते. लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर काविळीची माळ घालून थांबायचे दिवस नसतात. गरोदरपणातील काविळीच्या मागे हेपॅटायटिस ई असला तर आईच्या जिवावर बेतू शकते. पित्ताच्या आजारात अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल देतात. त्याने खाज काहीशी कमी होते, पण बाळाचा धोका टळतो असे २०१९ च्याच मोठ्या चाचणीत दिसले नाही. म्हणून मुख्य निर्णय प्रसूती कधी करायची हा उरतो, आणि पित्ताम्ले १०० च्या वर असतील तर ती ३५-३६ आठवड्यांच्या सुमारास करावी लागते.

पुरळ असेल तर नजर बेंबीकडे जाते. पहिलटकरणीच्या किंवा जुळे असलेल्या बाईच्या पोटावर शेवटच्या आठवड्यांत, ताणलेल्या रेषांमध्येच लाल गांधी उठतात आणि बेंबीच्या भोवतीची जागा बहुधा सुटते. याला बहुरूपी पुरळ म्हणतात. खाज जिवाचा संताप करते, पण आई आणि बाळ दोघेही सुखरूप असतात आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत सारे निवते. उलट गांधी बेंबीपाशीच सुरू झाल्या, पसरल्या आणि त्यांवर ताठ पाण्याचे फोड धरले, तर गर्भावस्थेतील पेम्फिगॉइडचा संशय घ्यावा लागतो. हा विरळा आजार आहे, साधारण पन्नास हजार गर्भारपणांत एक. आईच्या प्रतिकारशक्तीने बनवलेली प्रतिद्रव्ये तिच्याच त्वचेतील बीपी-१८० या प्रथिनावर हल्ला करतात, आणि या हल्ल्याची सुरुवात वारेतून होते असे मानले जाते. बाळ कमी दिवसांचे किंवा कमी वजनाचे होण्याचा धोका असतो, आणि साधारण दहातल्या एका बाळाच्या अंगावरही फोड दिसतात. आईची प्रतिद्रव्ये बाळाच्या रक्तातून गेली की ते आपोआप जातात. निदान पक्के करायला त्वचेचा छोटा तुकडा घेऊन त्यावर इम्युनोफ्लुरोसेन्स तपासणी करतात. तुकडा नेहमीच्या फॉर्मलिनमध्ये टाकला तर ही तपासणी होत नाही. तो वेगळ्या द्रावणात पाठवावा लागतो, म्हणून ज्या रुग्णालयात ही सोय आहे तिथेच बाईला नेणे श्रेयस्कर.

फोडांच्या बाबतीत मुळशीसारख्या डोंगराळ मुलखात आणखी एक चौकशी आधी करावी लागते: अंगाला काही लावले होते का? बिब्ब्याचे तेल कातडीला भाजते, मोठे फोड आणते आणि हा बिब्बा घरगुती औषध म्हणून सर्रास वापरला जातो. बिब्ब्याचा फोड लावलेल्या जागेवर, ओघळाच्या आकारात उठतो. हे बाईला विचारले तर कळते. पण ती सासूसमोर सांगत नाही, हेही तितकेच खरे.

काही लक्षणे अशी आहेत की त्यांत एका दिवसाचाही उशीर परवडत नाही. ताप आणि थंडी, जांघेत व काखेत लाल चट्टे आणि त्यांच्या कडेने बारीक पिवळ्या पुळ्यांची कडी दिसली तर तो गरोदरपणातला पूयमय सोरायसिस असू शकतो. व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ हेब्रा यांनी १८७२ साली त्याचे वर्णन केले तेव्हा तो बहुधा जीवघेणाच ठरे. यात रक्तातील कॅल्शियम घसरते, वार नीट काम करत नाही आणि बाळ पोटात दगावू शकते. एखादे नवे औषध सुरू झाल्यावर तोंडात, डोळ्यांत फोड येऊन कातडी सुटू लागली तर ते औषध तत्काळ बंद करून मोठे रुग्णालय गाठावे लागते. याउलट नागिणीबद्दल घरात सर्वात मोठी घबराट असते. तिचे तोंड आणि शेपूट एक झाले की बाई वाचत नाही, अशी समजूत आहे. नागीण मज्जातंतूच्या मार्गाने, शरीराच्या एकाच बाजूला उठते, मध्यरेषा सहसा ओलांडत नाही आणि पोटातल्या बाळाला सहसा काही करत नाही. भीती कशाची बाळगायची आणि कशाची नाही, याची घडी समजुतीने किती उलटी बसवली आहे हे यावरून दिसते.

लाजेचा प्रश्न सिफिलिसपाशी सर्वात तीव्र होतो. त्याच्या दुसऱ्या टप्प्यात अंगावर, आणि विशेष म्हणजे तळहात-तळपायांवर न खाजणारे तांबूस डाग येतात. गरोदरपणाच्या नोंदणीत होणाऱ्या रक्ततपासणीत तो सापडतो. बेंझाथिन पेनिसिलिनचे २४ लाख युनिटांचे इंजेक्शन आई आणि गर्भ दोघांवरही उपचार करते. उपचार न झाल्यास मृतजन्म होऊ शकतो किंवा बाळ रोग घेऊनच जन्माला येते. पाप कोणाचे हा प्रश्न इथे पुरुषाच्या बाहेरच्या वागणुकीकडे बोट दाखवू शकतो, आणि तरीही दोष बायकोच्या माथी येतो. नवऱ्याची तपासणी आणि उपचार झाले नाहीत तर तिला पुन्हा लागण होते. म्हणून डॉक्टरने काय सांगायचे, कोणासमोर सांगायचे, हा नीतीचा प्रश्न होतो. निदान तिच्या मालकीचे आहे. ते आधी तिला एकटीला सांगणे हाच न्याय.

कुष्ठरोगाने तर कायद्यालाही आपल्या समजुतीत ओढले होते. जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून भारतीय व्यक्तिगत कायद्यांत होते. ते २०१९ च्या दुरुस्तीने काढले गेले. बहुविध औषधोपचार मोफत मिळतो, गरोदरपणातही तो थांबवायचा नसतो. क्लोफाझिमिनमुळे आईची आणि कधी जन्मलेल्या बाळाची कातडी काळसर दिसते. बाळाला रोग लागला असे समजून घरात आकांत होऊ नये म्हणून ही गोष्ट आधीच सांगून ठेवावी लागते. हा रंग हळूहळू जातो. विटाळाची कल्पना अशा बाईला स्वयंपाकघरातून आणि पाण्याच्या हंड्यापासून दूर करते. वारकरी परंपरेत सोयराबाईंनी या कल्पनेवर मुळातच घाव घातला आहे. देहाची उत्पत्तीच विटाळातून होते, तेव्हा विटाळापासून सुटलेला देह कोणता, असा त्यांचा युक्तिवाद आहे. चौदाव्या शतकातल्या महार स्त्रीने केलेला हा विचार गरोदर आणि रोगी या दोन्ही देहांना सारखाच लागू पडतो, आणि त्याला अजून कोणी समर्पक उत्तर दिलेले नाही.

उपचारापाशी दुसरा मोठा प्रश्न येतो: एका देहात दोन जीव असताना औषध कोणासाठी? घरातले आणि पुष्कळदा औषध दुकानदारही सरळ सांगतात की पोटुशी आहे, काही घेऊ नको. चरकाने गर्भिणीवर उपचार करताना काठोकाठ तेलाने भरलेले भांडे न हिंदकळता न्यावे तसे जपावे असे म्हटले आहे. जपून न्यायचे म्हणजे जागेवर सोडून द्यायचे असे नव्हे. बहुतेक गंभीर त्वचारोगांत आईचे आणि बाळाचे हित एकाच दिशेला असते. पेम्फिगॉइडमध्ये किंवा पूयमय सोरायसिसमध्ये प्रेडनिसोलोन द्यावे लागते, आणि वारेतले एक विकर त्याचा बराचसा भाग निष्प्रभ करत असल्याने आईच्या रक्तातल्या औषधाचा सुमारे दहावा हिस्साच बाळापर्यंत जातो. उपचार न केलेला आजार त्याहून घातक असतो. खरी बेपर्वाई दुसरीकडेच चालते. नायट्यासाठी दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली, तीव्र स्टेरॉइड मिसळलेली मलमे महिनोन्‌महिने चोळली जातात. नायटा दबतो, पसरतो, ओळखू येईनासा होतो, आणि अशी तीव्र मलमे गरोदरपणात भरमसाट वापरल्यास बाळाचे वजन कमी भरण्याचा धोका असतो. औषधाला भिणारे घर मलमाला औषध समजत नाही.

काही औषधांत मात्र आई आणि बाळ यांचे हित खरोखर फाटते. थॅलिडोमाइड हे त्याचे सर्वात दुःखद उदाहरण. १९५७ साली ते पश्चिम जर्मनीत विक्रीस आले आणि गरोदर स्त्रियांना मळमळीसाठी दिले गेले. १९६१ च्या अखेरीस ते मागे घेतले जाईपर्यंत जगभर दहा हजारांहून अधिक मुले अपंग जन्मली होती. काही वर्षांतच जेरुसलेममध्ये जेकब शेस्किन यांना आढळले की कुष्ठरोगातल्या वेदनादायक गाठींच्या प्रतिक्रियेवर तेच औषध गुणकारी आहे. गरोदरपणात ही प्रतिक्रिया उसळू शकते आणि नेमके तेव्हाच हे औषध देता येत नाही. मेथोट्रेक्सेट आणि मुरुमांवरचे आयसोट्रेटिनॉइन यांचीही तीच गत. सोरायसिसवरचे ॲसिट्रेटिन बंद केल्यावर तीन वर्षे गर्भ राहू देऊ नये असा दंडक आहे. औषधाला स्वतःचे पापपुण्य नसते, ते कोणाला आणि केव्हा दिले यावर ते ठरते. म्हणून पाळी चुकली आहे का हे विचारल्याशिवाय ही औषधे लिहिणे हा गंभीर प्रमाद ठरतो.

आईचा जीव आणि गर्भ यांत निवड करावी लागली तर काय, यावर सुश्रुताचे मत नि:संदिग्ध आहे. मूढगर्भाच्या चिकित्सेत तो जिवंत गर्भावर शस्त्र चालवू नये म्हणतो, कारण त्यात दोघेही जातात. पण विकार असह्य झाला असता गर्भ पाडणे श्रेयस्कर, गर्भिणीचा नाश होऊ देऊ नये, असेही सांगतो. १९७१ च्या गर्भपात कायद्यानेही आईच्या जिवाला तातडीचा धोका असेल तेव्हा आठवड्यांची मर्यादा आड येऊ दिलेली नाही, आणि सज्ञान स्त्रीच्या बाबतीत संमती तिची एकटीची पुरते. त्वचारोगांत ही वेळ क्वचितच येते. आली तर सासर, माहेर आणि देव यांच्याआधी तिला विचारायचे, हे कायदा सांगतो.

मग देवाला जागा कुठे उरते? चरकाने उपचार तीन प्रकारचे मानले आहेत: मंत्र, मणी, नवस यांचा दैवव्यपाश्रय, आहार-औषधांचा युक्तिव्यपाश्रय, आणि मनाला आवर घालणारा सत्त्वावजय. तिन्ही एकमेकांशेजारी चालू शकतात, एकाने दुसऱ्याची जागा घ्यायची नसते. वाघजाईला नारळ फोडला, कपाळाला अंगारा लावला, तर कातडीचे काही बिघडत नाही, आणि रात्र रात्र खाजेने जागणाऱ्या बाईला त्याचा धीर वाटत असेल तर तो हिरावून घेण्याचे कारण नाही. अंगाऱ्याऐवजी बिब्बा लावला, उघड्या फोडांवर राख किंवा शेण थापले, मीठ-तेल बंद करून तिला उपाशी ठेवले, की सीमा ओलांडली जाते. महाराष्ट्राने २०१३ साली केलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात अतींद्रिय शक्तीच्या कोपाची भीती घालून एखाद्याला वैद्यकीय उपचारापासून रोखणे आणि अघोरी कृत्यांकडे वळवणे हा गुन्हा ठरवला आहे. त्याच वर्षी २० ऑगस्टला ज्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, त्यांनी या कायद्यासाठी वर्षानुवर्षे खस्ता खाल्ल्या होत्या. देवऋषीला गुन्हेगार ठरवण्यापेक्षा त्याला लक्षणे शिकवणे पुष्कळ ठिकाणी जास्त कामी येईल. पुरळाविना तळव्यांची खाज, बेंबीपासून उठलेले फोड, तापाबरोबरच्या पुळ्या, तोंडातले फोड ही चार चिन्हे दिसली की अंगारा देऊन त्याच दिवशी पौडला पाठव, एवढेच त्याला सांगायचे आहे.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली सरकारी रुग्णालयांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. बाईने खाज असल्याचे आपणहून सांगितले नाही तरी तिथे विचारणे सहज शक्य आहे. तीव्र अवस्थेत १०८ ची रुग्णवाहिका आहे.

बाळंतपणानंतरही प्रकरण मिटत नाही. पित्ताची खाज काही दिवसांत जाते, बहुरूपी पुरळ काही आठवड्यांत विरते, पण पेम्फिगॉइड प्रसूतीनंतर एकदा उसळी घेऊ शकतो आणि त्या वेळी बाळाला अंगावर पाजताना औषधाची मात्रा सांभाळावी लागते. पुढच्या खेपेला पेम्फिगॉइड बहुधा लवकर आणि जास्त जोराने परततो. पित्ताची खाजही पुष्कळजणींना पुन्हा येते. बहुरूपी पुरळ सहसा परतत नाही. म्हणून माता व बाल संरक्षण कार्डावर आजाराचे नेमके नाव, तपासणीचा निकाल आणि दिलेले औषध लिहून ठेवावे लागते. दुसऱ्या खेपेला तीच खाज आली की घरात पापाचा जुना प्रश्न दुप्पट जोराने उभा राहतो, आणि तेव्हा कार्डावरच्या त्या ओळीमुळे डॉक्टरला पहिल्याच भेटीत उपचार सुरू करता येतो.